डाव्या पायाची अलिफ-बे

मार्गशीर्ष उतरायला लागला की परभणीच्या मंडईत हरभऱ्याचे ढाळे येतात. हातगाड्यांवर हिरवे ढीग, वरून पाणी मारलेलं, आणि त्यांचा तो आंबूस वास. ढाळे घरात आले की मी समजते, येळवस आठ-पंधरा दिवसांवर आली. मला पंचांग लागत नाही. खरं तर ढाळ्यांच्याही आधी माझ्या पायाला कळलेलं असतं. थंडी पडली की डाव्या कुल्ल्यापासून एक बारीक तार निघते, मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या कडेनं थेट करंगळीपर्यंत झणझणते. दोन-चार दिवस राहते आणि जाते. नातसून म्हणते, "आजी, डॉक्टरला दाखवून येऊ." मी म्हणते, "असू दे. जुनी ओळख हाय आमची."

कुल्ला हा शब्द मी आता सहज लिहिला. ज्या हिवाळ्याबद्दल सांगणार आहे, त्या हिवाळ्यात हा एक शब्द कागदावर उतरवायला आमचं अख्खं घर कामाला लागलं होतं.

निजामाच्या राज्याची ती शेवटची दोन-तीन वर्षं. मी तेवीस वर्षांची, राणीसावरगावच्या एका शेतकरी घरातली धाकटी सून. सासरे गावचे पोलीस पाटील. सगळं गाव त्यांना पाटील म्हणायचं, आम्ही सुना मामा म्हणायचो. म्हणजे आपसांत म्हणायचो. त्यांच्याशी बोलायची वेळच येत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत मामा माझ्याशी सरळ एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं की सासूबाईंना सांगायचे, "तिला म्हणावं, पाणी ठिव." मी चार हातांवर उभी असले तरी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. आत्याबाई मग माझ्याकडे वळून म्हणायच्या, "पाणी ठिव म्हणतेत." तोवर मी पाणी ठेवलेलं असायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात कडब्याची गंजी लावताना मी खालून पेंढ्या वर देत होते. एक पेंढी उचलून वळले आणि कमरेत कट्‌कन काहीतरी झालं. दोन दिवसांत ते कमरेतून पायात उतरलं. मग जे जे करतात ते सगळं झालं. तेल चोळलं, शेक दिला, गरम विळ्याचे डाग दिले. गंगाखेडचे एक म्हातारे हकीम मामांचे दोस्त होते. त्यांनी पाय उचलून पाहिला, दुखण्याचं नाव सांगितलं, अर्कुन्निसा, ज्याला आता सायटिका म्हणतात, आणि महिनाभर काढे दिले. आषाढात माझी डाव्या पायातली चप्पल चालता चालता निघून जायला लागली आणि मला कळायचंही नाही. तेव्हा हकीमसाहेबच म्हणाले, "पाटीलसाब, हे आता माझ्या हातातलं नाही. हैदराबादेला न्या. तिथे चाकू लावतील."

मामा नको म्हणाले. बाईमाणसाच्या पाठीला चाकू लावायचा, हे त्यांना ऐकवेना. तेव्हा आमचे हे, जे वडिलांपुढे कधी मान वर करून उभे राहिले नव्हते, ते उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "मी नेणार हाय." एवढंच म्हणाले आणि गाडी जुंपायला गेले. मामांनी अडवलं नाही. मी गाडीत गव्हाच्या काडावर आडवी, वर घोंगडी बांधलेली. गंगाखेडपर्यंत तसं आणि मग रेल्वेनं.

हैदराबादचा तो मोठा दवाखाना मला छतावरूनच जास्त आठवतो, कारण मी पाठीवरच होते. डॉक्टरसाहेब लढाईवरून परतलेले, उंच, कमी बोलणारे. त्यांनी यांना समजावून सांगितलं की मणक्यांच्या मध्ये गादी असते, ती सरकून शिरेवर दाबून बसली आहे. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की पाय दुखत नव्हता. तीन महिन्यांनी पहिल्यांदा. पाठीत आग होती, पण पाय गप्प. मी इतकी हसले की वॉर्डातली सिस्टर घाबरून आली. ती तेलंगणातली, दख्खनीत बोलायची. कुशीवर वळायचं कसं ते तिनंच शिकवलं. "कमर मोडो नक्को अम्मा, लकडी जैसा पलटो," म्हणायची आणि मला ओंडक्यासारखी अखंड वळवायची. आजही मी तशीच उठते.

दसऱ्याला घरी आले. लाकडी फळीवर झोपायचं, वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, उचलायचं काही नाही. त्या 'काही'मध्ये माझी शेवंताही आली. ती तीन वर्षांची. मी नसताना दोन महिने थोरल्या जाऊबाईंच्या कडेवर राहिली होती आणि आता माझ्याकडे यायला तयार नव्हती. फळीपासून दोन हातांवर उभी राहून बघायची. कुणी विचारलं की गंभीरपणे सांगायची, "माजी आई तुटलीया."

पण दिवाळी छान गेली. मी घरातल्या घरात चालत होते, उभ्यानं भाकरी खात होते, आणि पाय गप्प होता. आणि मग, दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, एका सकाळी चुलीपाशी उभी असताना डाव्या पायात कुणीतरी तार ओढली. तीच वाट. कुल्ला, मांडी, पोटरी, करंगळी.

त्या क्षणी मला दुखलं त्यापेक्षा भीती जास्त वाटली. मी कुणाला सांगितलं नाही. एवढा आटापिटा करून हैदराबादेला नेलं, पाठ उघडली, आणि दुखणं परत आलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? शिवाय एक गोष्ट मी फळीवर पडल्या पडल्या ऐकली होती. माझ्या चुलतसासूबाई, ज्यांना सगळे काकी म्हणायचे, त्या आत्याबाईंना म्हणत होत्या, "पोरगं अजून तरणं हाय. दुसरी बघून ठिवा. ही काय कामाची राहीना आता." आत्याबाई त्यावर काय म्हणाल्या ते ऐकू आलं नव्हतं. त्या काहीच म्हणाल्या नसतील, असं मी धरून चालले होते.

आठ-दहा दिवस मी लपवलं. हसत राहिले, चालताना ओठ चावत राहिले. पण आत्याबाईंच्या नजरेतून काय सुटणार. एका सकाळी त्यांनी अंगण सारवलं. ते ओलं असतानाच मी तुळशीला पाणी घालून आले. आत्याबाई कमरेवर हात ठेवून माझी पावलं बघत राहिल्या. उजवं पाऊल पुरतं उमटलं होतं. डाव्याची नुसती बोटं.

"टाच का टेकना गं तुझी?"

मी घाईघाईनं टाच टेकवून उभी राहिले.

"कधीपसून दुखायलंय?"

मी रडायला लागले. आत्याबाईंचे हात शेणाचे होते म्हणून त्यांनी कोपरानं माझा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "रडू नको. डाक्टरालाच इचारू. त्यानं कापलंय, त्यालाच म्हाईत."

विचारायचं म्हणजे चिठ्ठी लिहायची. डॉक्टरसाहेबांना मराठी येत नव्हती. उर्दूत लिहायला हवं होतं. मला तर उर्दू येतच नव्हतं. माझे वडील परभणीला शिक्षक, त्यांनी मला घरी मराठी वाचायला शिकवलं होतं तेवढंच. यांचं उर्दू सहीपुरतं. घरात उर्दूत चांगलं लिहिणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे ऑपरेशनला नको म्हणणारा.

दुपारी ओसरीवर मामा टाक, दौत, कागद घेऊन बसले. मी दाराआड, पदर नाकापर्यंत. मधे आत्याबाई.

"तिला इचार, दुखणं कुठून निघतंय," मामा म्हणाले.

मी आत्याबाईंच्या कानात सांगितलं.

"पायातून," आत्याबाई म्हणाल्या.

"पायातून ते कळलं. पायात कुठून?"

मी पुन्हा कानात सांगितलं. आत्याबाईंनी डोळे मोठे केले, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "कमरेच्या खालून."

"कमरेच्या खाली काय एकच जागा हाय व्हय?"

थोरल्या जाऊबाई तोंडात पदर कोंबून आत पळाल्या. आत्याबाईंनी उगाच सुपातले दाणे पाखडायला घेतले. मामा टाक दौतीत बुडवून बसले होते, टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमत होता. शेवटी त्यांनी टाक खाली ठेवला.

"तू ऊठ बरं तिथून," ते आत्याबाईंना म्हणाले. "दुखणं असं तीन तोंडांतून जायलं, तर हैदराबादेत पोचंस्तोवर दाढदुखी व्हईल त्याची."

आत्याबाई उठल्या. मामा भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पूर्ण पाठ फिरवून बसले आणि म्हणाले, "पोरी, मी तुझ्याकडं बघत न्हाई. भिंतीकडं बघायलोय. तूबी भिंतीला सांग. डाक्टराला कळलं पाह्यजे."

सहा वर्षांत मला उद्देशून बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. 'पोरी' हा त्यातला पहिला शब्द. मी भिंतीला सगळं सांगितलं. कुठून निघतं, कुठे थांबतं, सकाळी किती, उभी राहिल्यावर किती, खोकल्यावर कसं कळवळतं, करंगळी कशी बधिर वाटते. तो शब्दसुद्धा सांगितला. मामा शांतपणे लिहीत राहिले आणि म्हणाले, "उर्दूत त्याला लय अदबीचा शब्द हाय. डाक्टरालाबी वाईट वाटायचं न्हाई." शेवटी त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या, त्या वाचून दाखवल्या नाहीत.

उत्तर यायला बारा-तेरा दिवस लागले. ते आलं तेव्हा मामांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. यांना, आत्याबाईंना, जाऊबाईंना, आणि मुद्दाम काकींना. मी दाराआड. मामा एक एक ओळ वाचत आणि मग मराठीत सांगत. शीर फार दिवस दबून होती. आता मोकळी झाली आहे, पण ती पुरती बरी व्हायला वेळ घेते. थंडीत, फार वेळ एका जागी राहिल्यावर, दुखणं परत येईल आणि परत जाईल. आलं म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं असं समजू नये. पाय लुळा पडायला लागला किंवा लघवी अडली तर मात्र ताबडतोब घेऊन या. एरवी घाबरू नका. रोज चालवा. आज जेवढं चालली त्याहून उद्या थोडं जास्त. दुखणं फार चढलं तर थांबा, आडवं होऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवा. सहा महिने ओझं उचलायचं नाही. लेकरू मांडीवर घ्यायला हरकत नाही, पण बसून, पंधरवड्यानंतर.

मग मामा थांबले. कागदावर अजून एक ओळ होती. त्यांनी ती डोळ्यांनी वाचली, खाकरले, आणि हळू आवाजात सांगितली. "पाटीलसाहेब, आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. उशीर झाला होता, पण फार नाही. ज्यानं आणलं त्यानं वेळेवर आणलं. मागचं मनात धरून बसू नका."

मामांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. हे मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरत होते. काकी म्हणाल्या, "म्हंजी बरी व्हईल म्हणतोय?" तेव्हा आत्याबाईंनी मी ऐकावं अशा आवाजात सांगितलं, "मी तुमाला त्याच दिवशी म्हणले व्हते की काकी, बरी व्हनार हाय ती. दुसरीबिसरीचं नाव काडू नका."

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा मामा काठी घेऊन दारात उभे होते. "तिला म्हणावं," त्यांनी आत्याबाईंकडे बघून सुरुवात केली, मग थांबले. भिंतीकडे वळले आणि म्हणाले, "चल पोरी. लिंबापर्यंत जाऊन येऊ."

सासरा पुढे आणि सून मागे, कामधंदा नसताना, नुसतं चालायला, हे गावानं कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या कडुलिंबापर्यंत आत्याबाई सोबत आल्या. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "माजे गुडघे दुखतेत. तुमीच जावा. तिला डाक्टरानं सांगितलंय, मला न्हाई." मग आम्ही दोघंच. मामा वीस पावलं पुढे, मागे वळून न बघता. माझ्या पावलांच्या आवाजावरून त्यांना कळत असावं, कारण मी थांबले की तेही थांबायचे, काठी टेकून पिकाकडे बघत. विहिरीवरच्या बाया हसायच्या. एक म्हणाली, "पाटील सुनंला साळंला सोडायला निघालेत जनू." तिला माहीत नव्हतं, पण तिचं खरं होणार होतं.

आमच्याकडची ती हिवाळ्यातली सकाळ मला अजून अंगावर जाणवते. रात्रीचं दंव ज्वारीच्या पानांच्या पन्हाळीत साचलेलं असायचं. जवसाला निळी फुलं आलेली, अगदी बारीक, वाऱ्यानं सगळा पट्टा हललेला दिसायचा. करडईच्या काट्यांवर ऊन चमकायचं. तुरीच्या शेंगा वाळायला लागलेल्या, वारा आला की खुळखुळायच्या. मी सहा वर्षं त्या गावात होते, पण हे सगळं मी वाकून पाहिलं होतं. निंदताना, वेचताना, डोक्यावर काहीतरी असताना. ताठ मानेनं, रिकाम्या हातांनी रान बघायला मला पाठीचं ऑपरेशन व्हावं लागलं.

मामा माझ्या हातात काही देत नसत. ते शोभलं नसतं. पण वाटेत हरभरा लागला की दोन झाडं उपटून बांधावर ठेवून पुढे जायचे. मी मागून जाऊन ती उचलायची. वाकायचं नाही म्हणून नेहमी उंच बांधावर ठेवलेली, माझ्या हाताला येतील अशी.

चौथा-पाचवा दिवस असेल. गाडीवाटेवर फुफाटा, घोट्यापर्यंत मऊ धूळ. त्यात मला एक उभी रेघ दिसली, काठीनं ओढलेली. मी ओलांडून गेले. परत येताना तिच्याशेजारी तशीच दुसरी. दुसऱ्या दिवशीही होती. मी सगळा धीर एकवटला आणि पहिल्यांदा आपणहून बोलले.

"मामा, हे काय हाय?"

"अलिफ," मामा पुढे बघतच म्हणाले, आणि चालू लागले.

थोड्या वेळानं पुढून आवाज आला. "मी किती दिवस पुरणार हाय? आपल्या दुखण्याची चिठ्ठी आपल्याला लिव्हता आली पाह्यजे."

अशी माझी उर्दूची शाळा सुरू झाली. मामा पुढे जाताना काठीच्या टोकानं फुफाट्यात एक अक्षर काढायचे. मी मागून पोहोचले की ते मोठ्यानं म्हणायचं. बरोबर असलं तर मामा चालत राहायचे. चुकलं तर खाकरायचे. एक होडीसारखी रेघ, तिच्या खाली एक ठिपका, ती बे. वर दोन ठिपके, ती ते. खाली तीन, ती पे. ठिपक्याला मामा नुक्ता म्हणायचे आणि काठी रोवून खोल खड्डा करायचे. "नुक्त्यावर ध्यान ठिव. सगळा खेळ त्याचाच हाय." मला एक गोष्ट लवकरच कळली. पुढचं अक्षर पाहायच्या नादात मी आदल्या दिवसापेक्षा पुढे गेलेली असायचे. लिंब मागे राहिला. ओढा आला. जीम शिकले तेव्हा ओढ्याच्या पलीकडे होते. पाय दुखायचा नाही असं नाही. पण दुखण्याकडे बघायला मला दोनच डोळे होते, आणि ते खाली धुळीत गुंतलेले असायचे.

एक दिवस मात्र फार वाईट गेला. रात्रभर गारठा होता आणि मी हट्टानं निघाले. ओढ्यापलीकडे गेले आणि पायातून वीज गेल्यासारखं झालं. पुढेही जाता येईना, मागेही. सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे मी एका गुडघ्यावर टेकले, हातांवर आले आणि रिकाम्या वावरात पाठीवर आडवी झाले, गुडघे वर करून. सासऱ्यासमोर सून रानात आडवी पडलेली. मला मरण आलं तर बरं असं वाटलं.

मामा वीस पावलांवर थांबले. माझ्याकडे पाठ करून बांधावर बसले. "पड निवांत," म्हणाले. "मला काय घाई न्हाई." मग बऱ्याच वेळानं, रानाकडे बघत, ते बोलायला लागले.

"माजी एक भईन व्हती, धाकटी. ठकू. तिला पहिल्या बाळंतपणात अडलं. मी गाडी जुंपून परभणीच्या दवाखान्यात न्यायला निघालो. वाटंत गेली ती. मीच हाकत व्हतो गाडी. मागं बघायची हिंमत झाली न्हाई, परभणीपर्यंत तसंच हाकलं." त्यांनी काठीनं एक ढेकूळ फोडलं. "तुझ्या नवऱ्यानं गाडी जुंपली तवा मला तीच गाडी दिसायली व्हती. म्हणून नको म्हणलो. दुसरं काय न्हाई."

मी आभाळाकडे बघत होते. मग मी म्हणाले, "मामा, मी मागंच हाय."

मामा थोड्या वेळानं खाकरले, पण ते चुकल्याचं खाकरणं नव्हतं. पाय हळूहळू निवला. मी ओंडक्यासारखी कुशीवर वळले, हातावर जोर देऊन उठले, आणि आम्ही घरी आलो. दोन दिवस मी फळीवर पडून होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा लिंबापासून सुरुवात. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. फक्त आता मला भीती वाटत नव्हती. दुखणं आलं होतं, दोन दिवस राहिलं आणि गेलं. म्हणजे ते जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझ्या उर्दूचं पुढे काय झालं म्हणाल, तर पुढच्या उन्हाळ्यात मी डॉक्टरसाहेबांना स्वतःच्या हातानं चार ओळींची चिठ्ठी लिहिली की मी बरी आहे. मामांनी तिच्यात सहा चुका काढल्या आणि एकही दुरुस्त न करता तशीच पाठवली. म्हणाले, "जाऊ दे. त्याला कळंल की तुझीच हाय." त्यानंतर दोन वर्षांच्या आत निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांतलं उर्दू गेलं, आणि माझ्या शिकलेल्याचा कुणाला काही उपयोग राहिला नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. आजही परभणीत एखाद्या जुन्या दुकानाची उर्दू पाटी दिसली की मी रिक्षात बसल्या बसल्या ती मोठ्यानं वाचते. नातवंडांना वाटतं, आजी काहीतरी पुटपुटतेय.

येळवस आली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडचा रानातला सण. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळं घर उठून आपापल्या रानात जातं. तिथे कडब्याची खोप करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करतात, ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील रानभर शिंपडतात आणि दिवसभर तिथेच जेवतात. आमचं रान गावापासून अर्ध्या कोसावर होतं. तिथपर्यंत मी अजून एकदाही पोहोचले नव्हते.

सकाळी गाडी भरली. अंबिलीचं मडकं, भज्जीचं पातेलं, बाजरीचे वाफवलेले उंडे, धपाट्यांची टोपली, लेकरं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. हरभरा, तूर, वाटाणा, मेथी, चाकवत, जे जे रानात हिरवं आहे ते सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेली. तिचा वास गाडीभर. यांनी माझ्यासाठी काड पसरून जागा केली होती. काकी गाडीत आधीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ये, बस हळू."

मामा काठी घेऊन वेशीकडे तोंड करून उभे होते. "ती चालत येनार हाय," ते म्हणाले. त्यांनी मला विचारलं नव्हतं. पण मी होच म्हणाले असते.

गाड्या आमच्या पुढे निघून गेल्या. घुंगुरमाळा वाजत, लेकरं ओरडत. सगळं गाव वाटेवर होतं आणि सगळं गाव बघत होतं. मामा वीस पावलं पुढे. त्या दिवशी फुफाट्यात एकेक अक्षर नव्हतं. लिंबापाशी एक होतं, पुढे ओढ्यापाशी दुसरं, विहिरीपाशी तिसरं, आणि मी ते जोडत जोडत चालले. काफ. अलिफ. वाव. पुढे ये, रे आणि पुन्हा ये. आमच्या रानाच्या बांधापाशी पोहोचले तेव्हा माझ्या तोंडातून आलेला शब्द माझंच नाव होता. कावेरी. मी ते मोठ्यानं म्हटलं. मामा खाकरले नाहीत.

रानात ज्वारी पुरुषभर उंच, कणसांत दाणा भरत आलेला. यांनी खोपीशेजारी कडब्याच्या पेंढ्या रचून पाठ टेकायला भिंतीसारखी आडोशाची जागा केली होती, वर वाकळ घातलेली. मी पूजेला उभी राहिले. हे आणि थोरले दीर आरोळी देत, मडक्यातली अंबील हातांनी चहूकडे उडवत रानाला फेरी घालून आले. अंबिलीचे शिंतोडे माझ्याही तोंडावर पडले. मग पंगत बसली आणि मी, पाच महिन्यांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या ओळीत जमिनीवर बसले. पाठीशी पेंढ्या, पुढे पळसाच्या पानावर भज्जी. काकींनी माझ्या पानावर स्वतः उंडा वाढला, वर आणखी एक. "खा," म्हणाल्या. "लय चाललीस."

जेवणं झाली. माणसं ज्वारीच्या सावलीला लवंडली. शेवंता खेळून खेळून दमली होती. जाऊबाई भांडी घेऊन विहिरीवर गेल्या होत्या, म्हणून ती त्यांना शोधत खोपीपाशी आली. मी बसलेली होते. इतक्या महिन्यांत तिनं मला आडवी पाहिली होती किंवा उभी. बसलेली आई तिला ओळखीची वाटली असावी. ती दोन हातांवर थांबली, नेहमीसारखी. माझ्या मांडीकडे बघितलं. मी हात पुढे केले नाहीत, भीतीनं. ती आली, माझ्या पाठीमागे डोकावून पेंढ्या पाहून घेतल्या, आणि मग मांडीवर चढून आडवी झाली. अंगठा तोंडात घातला. बघता बघता झोपली.

उन्हं कलली. गाड्या जुंपायची हाक आली. आत्याबाई शेवंताला उचलायला वाकल्या तेव्हा मामा लांबून म्हणाले, "राहू दे थोडं. बैलं काय पळून चालली न्हाईत." बैल पुन्हा सोडले.

थोड्या वेळानं माझ्या डाव्या पायात मुंग्या यायला लागल्या. मी श्वास धरून वाट बघत राहिले, आता तार निघेल, पोटरीतून करंगळीत जाईल. मग माझ्या लक्षात आलं की उजव्या पायालाही तशाच मुंग्या आल्या आहेत. दोन्ही पायांना, सारख्याच. दुखण्याच्या नव्हत्या त्या. झोपलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या कुठल्याही बाईला येतात, त्या होत्या. मी हलले नाही. पाय पुरते झोपले तरी हलले नाही.